हजार रुपये फूट

आमच्या ह्येंच्या शेजारी बसून यष्टीनं परवास करायचा म्हंजी डोक्याला ताप हाय. बाकीची माणसं खिडकीतनं डोंगर बघत्यात, कुणाची बाजरी कशी आलीया ते बघत्यात. ह्ये घरं बघत्यात. नुसती बघत न्हाईत, भाव सांगत्यात. "ह्यो सोळाशे. त्यो पिवळा अठराशेच्या पुढं गेलाय. ती शाळा, लय झालं तर पंधराशे." भाव म्हंजी फुटाचा. घराचा एक चौरस फूट बांधायला किती पैसा गेला असंल त्यो. म्हसवडपासनं वडूजपतोर ह्योच जप. एकदा पुढच्या बाकावरचा म्हातारा मागं वळून म्हणला, "पाव्हणं, समदं गाव इकत घेताय काय?" मी पदर तोंडाला लावला. ह्येंनी त्या म्हाताऱ्यालाच त्येच्या घराचं छत पत्र्याचं का स्लॅबचं ते इचारलं.

मला बघायला आलं तवाबी तीच गत. माझ्याकडं कमी आन् वर जास्ती बघत व्हतं. आई म्हणली, पोरगा लाजतोय. लाजतोय कशाचा! लगीन झाल्यावर कळलं, बघण्याचा कार्यक्रम मामाच्या घरी व्हता, तिथल्या स्लॅबला कोपऱ्यात ओल आली व्हती, ती बघत व्हतं.

ह्येंचं नाव धनाजी. आमच्यात नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायचं असतंय, पर एवढं सांगायला बसलीया तर घेतलं. म्हसवडला यष्टी स्टँडासमोर ह्येंचा गाळा हाय. एक टेबल, दोन खुर्च्या आन् मनाला येईल तवा फिरणारा पंखा. कुणाला घर बांधायचं असलं की आदी ह्येंच्याकडं येणार. ह्ये जागा बघत्यात, टेप लावत्यात आन् घराला किती लागंल त्यो आकडा सांगत्यात. लोक इस्टिमेटवाला म्हणत्यात. सासरं जल्मभर मेंढरामागं फिरलं. ह्ये डिप्लोमा करून पुण्याला एका बिल्डरकडं राहिलं. दुसऱ्याच्या उंच उंच इमारतींचं अंदाज काढून डोळं गेलं, तवा म्हणलं, आपल्या मुलखात जाऊ, आपल्या लोकांच्या उपेगी पडू. मी तवाच म्हणलं व्हतं, आवं, लोकांना उपेग नको असतोय, हां ला हां पाहिजे असतंय. पर माझं कोण ऐकतंय.

ह्येंची रीत साधी हाय. नवं घर एकट्यानं मोजायचं न्हाई. तसलीच झालेली दोन-चार घरं त्येच्या शेजारी ठिवायची आन् फरक बघायचा. तिकडं मुरूम लागला व्हता, हितं काळी माती हाय, म्हंजी पाया खोल जाणार. तिकडं पाणी हिरीचं व्हतं, हितं टँकरचं. तिकडं खडी जवळ, हितं लांबनं येणार. सोयरीक जुळवताना दोन्हीकडची घरं बघत्यात का न्हाई, तसंच. पुण्यात ह्येला मोठं इंग्रजी नाव हाय म्हणं. हितं त्या नावानं चहाबी मिळायचा न्हाई.

पर त्येच्यासाठी आदी झालेल्या घराचा खरा आकडा हाताशी लागतो. आन् आमच्या मुलखात घराचा खरा आकडा कोण सांगतंय? ज्येला भाऊ हाईत त्यो कमी सांगतो, वाटणी मागतील म्हणून. ज्येचा पोरगा लग्नाचा हाय त्यो वाढवून सांगतो, पोरीकडची दिपतील म्हणून. फौजेतनं आलेला कमी सांगतो, कारण आपुन मिस्त्र्याला कसं सरळ केलं ते त्येला मिरवायचं असतंय. म्हणून ह्ये मालकाला इचारतच न्हाईत. टँकरवाल्याला इचारत्यात किती खेपा टाकल्यास. सळईच्या दुकानात बसून चहा पेत्यात. वास्तुशांतीला जेवायला गेलं की पानावरनं उठून मोरीतल्या फरशा मोजून येत्यात. मला मेल्याहून मेल्यागत हुतंय.

"आवं, लोकं काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. फरशी खोटं बोलत न्हाई."

एवढं करून आकडा सांगितला की समोरचा हसतो. "सायेब, लय सांगताय. आमच्या पाव्हण्याचं तर निम्म्यात झालं." उठून जातो. मग स्लॅब पडला की पैसा सरतो, भिंती तशाच उघड्या, तवा परत येतो आन् म्हणतो, "आता काय करू?" आता काय करतोस बाबा, आता बस. ह्ये कुणाला तसं म्हणत न्हाईत. परत टेप घेऊन जात्यात. घरी आलं की तासभर कुणाशी बोलत न्हाईत, सृष्टी आमची पोरगी, ती अभ्यासाचं इचारायला गेली तरी हूं म्हणत्यात. असं कैक वर्षं चाललंय. मी बघून बघून थकलीया, तर त्येंचं काय हुत असंल.

आता इंद्रजितचं सांगते. इंद्रजित माझा चुलतभाऊ. माझं म्हायेर आटपाडीकडं, सांगली जिल्ह्यात, वस्तीवर. तिकडची लय पोरं गलाईला जात्यात, म्हंजी परमुलखात सोनं गाळायचं दुकान टाकत्यात. इंद्रजितचं तामिळनाडूत दुकान हाय. त्येनं वस्तीवर बंगला बांधला. चकचकीत फरशी, जिन्याला स्टीलचा कठडा, वर पाण्याच्या टाकीला फुटबॉलचा आकार. ह्यो काय नमुना, पर असू दे. अंदाज ह्येंनीच काढला, बिलंबी ह्येंनीच तपासली. वास्तुशांतीला समदा भावकीचा मेळा जमला व्हता. कुणीतरी इचारलं, कितीला बसला रं? इंद्रजित छाती काढून म्हणला, "हजार रुपये फुटानं उरकला. दाजींनी इस्टिमेट केलं म्हणून जमलं."

बाया माझ्याकडं वळून वळून बघाय लागल्या. मीबी जरा ताठ बसली, खोटं कशाला बोलू. ह्येंच्या पानावर दोन पोळ्या तशाच राहिल्या. सांजच्याला इंद्रजित ह्येंना बिरोबाच्या देवळात घेऊन गेला. परत आलं तवा दोघांच्या कपाळाला भंडारा, पिवळंजर्द. मी मनात म्हणलं, दर्शनाला गेलं असतील.

त्या दिसापासनं एक व्हायला लागलं. म्हायेरला जाताना यष्टी त्या बंगल्यावरनं जाती. दिघंचीपासनं ह्येंचा जप चालू असतोय, सतराशे, पंधराशे, दोन हजार. बंगला आला की ह्ये वाकून चपलेचा बंद सारखा करत्यात. बंगला मागं पडला की परत वर. मी बघितलं, पर डोक्यात काय आलं न्हाई.

मग माझा सख्खा थोरला भाऊ आला. बिराप्पा. मी दादा म्हणते. त्येची पाऊणशे मेंढरं. दिवाळी झाली की नदीकाठाला, रानात बसवायची, पाऊस लागला की माघारी. आमच्या बयावैनीनं जल्म त्येच्या मागं घोड्यावर बिऱ्हाड लादून काढला. आता तिचं गुडघं गेलं. दादा म्हणायचा, हिला एक पक्कं घर देतो, दारात बसून राहू दे म्हातारीला. म्हातारी म्हणला तरी वैनी पन्नाशीचीबी न्हाई.

दादा गाळ्यावर आला, घोंगडं खांद्यावर तसंच. मी चहा घेऊन गेली.

"दाजी, हजार फूट घर काढायचं. इंद्रजितच्या बंगल्याच्या भावानं धरलं तर धा लाख. मेंढरं इकली की तेवढं हुतंय. थोडं कमी पडंल ते बघू. बरुबर न्हवं?"

ह्येंनी चष्मा काढला. जागा कुठं, माती कसली, पाणी कुठनं आणणार, समदं इचारलं. कागदावर काय काय लिव्हलं. मग म्हणलं, "बिराप्पा, अठरा लाख."

"किती?"

"अठराशे रुपये फूट. काळी माती हाय, पाया खोल न्यावा लागंल. पाणी टँकरचं."

"इंद्रजितची माती काय सोन्याची हाय व्हय? त्येच्या बंगल्यापासनं माझी जागा दगड मारला तर लागंल."

"माझा आकडा अठराशे हाय. आन् मेंढरं इकू नगंस. दोन खोल्यांचं कर, मी बसवून देतो."

दादा हुबा राहिला. त्येचा आवाज चढला की कपाळाची शीर उडती, तशी उडत व्हती. "त्येचं घर तुमीच केलं. त्यो हजार म्हणतोय. मला तुमी अठराशे म्हणताय. मग मधलं आठशे कुणाच्या खिशात चाललं, दाजी?"

मी चहा टेबलावर ठिवला. मला वाटलं, आता ह्ये उठतील, आता बोलतील. सोळा वर्षात ह्येंनी कुणाचा रुपाया खाल्ला न्हाई, खाल्ला असता तर गाळ्याला पंखा तरी नवा आला असता. पर ह्ये टेबलाकडं बघत राहिलं. दादानं चहाला हात लावला न्हाई, निघून गेला.

मग मी सुटली. "तोंडाला काय कुलूप लावलंय काय? माझा भाऊ तुमाला चोर म्हणून गेला! सांगायचं की, इंद्रजितचं कसं काय हजारात झालं आन् ह्येचं का न्हाई. एवढं तरी सांगाल का न्हाई?"

"माझा आकडा त्योच हाय, मंगल."

"आकडा घाला चुलीत!"

त्या दिवशी मी रागानं सैपाक केला, मीठ दुप्पट पडलं. ह्येंनी गुमान खाल्लं.

दादानं एक मिस्त्री गाठला. त्या मिस्त्र्यानं हजाराला मान हलवली, मान हलवायला त्येचं काय जातंय. निम्मी मेंढरं बाजारात गेली. घर पाहावं बांधून म्हणत्यात ते उगंच न्हाई. काळ्या मातीत खड्डा खणतच राहिलं, दगडच लागंना. खडी, सिमेंट, टँकर. पाच लाख जमिनीच्या खाली गेलं आन् वर दिसत व्हतं काय, तर नुसतं जोतं. हजार फुटाचं लांबरुंद जोतं, त्येच्यावर कोंबड्या हिंडत्यात. मिस्त्री म्हणला, पैसा आणा, मग भिंती. वैनीचा फोन आला. रडत व्हती. म्हणली, "मंगल, येत्या बाजाराला उरलेली मेंढरं चालल्यात. कसायाचा माणूस बघून गेला. कळपाच्या म्होरं चालणारा पुढारी मेंढाबी तुझ्या दादानं मागं ठिवला न्हाई. मेंढरं गेल्यावर आमी खायचं काय गं?"

मी ह्येंना सांगितलं. ह्ये ऐकून आतल्या खोलीत गेलं आन् दार लोटलं. मी दाराशी गेली. चोरून ऐकलं, व्हय, ऐकलं. ह्येंचा आवाज मी असा कधी ऐकला न्हवता, भीक मागत असल्यागत.

"इंद्रजित, मला मोकळं कर रं. तुझ्या एका शब्दापायी तिकडं मेंढरं चालल्यात. भंडारा तू दिलास, तूच परत घे. एकट्या बिराप्पाला सांगतो, दुसऱ्या कुणाला न्हाई." मग तिकडचं ऐकत राहिलं. मग, "बरं. ठिव."

भाईर आलं तर मी समोर. माझ्या डोळ्यापुढनं समदं सरकलं. वास्तुशांतीची सांज, कपाळाचा भंडारा, यष्टीतला चपलेचा बंद. आमच्यात बिरोबाचा भंडारा उचलून शब्द दिला की त्यो मोडत न्हाई. मोडला तर घराला लागतो असं मानत्यात. मानत्यात काय, मीबी मानते.

"काय म्हणला त्यो?"

"हरिबा," ह्ये म्हणलं. आन् खाली बसलं.

एवढ्यातच मला कळलं. हरिबा म्हंजी इंद्रजितचा थोरला भाऊ. त्येनं बैल इकून इंद्रजितला दुकान टाकाया पैसा दिला व्हता. दुकानात बरकत न्हाई, असं इंद्रजित त्येला कैक वर्षं सांगत आला. बंगल्याचा खरा आकडा कळला तर हरिबा पैसं मागायला त्येच्या दारात हुबा राहील. म्हणून ह्यो हजार. आन् त्या हजाराखाली माझा दादा चिरडत चाललेला. एका अंगाला चुलतभाऊ, दुसऱ्या अंगाला सख्खा, मधी माझा नवरा. आपलंच दात आन् आपलंच ओठ.

"भंडारा तुमी उचललाय," मी म्हणलं, "मी न्हाई उचलला. चला वस्तीवर."

"मंगल, मी काय बोलणार न्हाई."

"बोलूच नका. नुसतं चला."

यष्टीत ह्येंनी एकाबी घराचा भाव सांगितला न्हाई.

दादा जोत्यावर बसला व्हता, खाली मेंढरं. आमाला बघून उठला न्हाई. "आता काय राहिलंय म्हणून आलासा, दाजी?"

मी म्हणलं, "दादा, आता भांडू नको. ह्येंना घरांचं भाव इचार."

"कसलं भाव?"

"इचार तर. हितनं जी जी घरं दिसत्यात त्येंचं."

दादाला वाटलं मला याड लागलं. पर वैनीनं डोळ्यानं खुणावलं, इचार म्हणून. त्येनं काठी उचलली. "ती शाळंची नवी खोली?"

"एकवीसशे," ह्ये म्हणलं. सवयीनं तोंडातनं पडलं.

"पलीकडच्या वस्तीवरचं सरपंचाचं?"

"सतराशे. आतनं गिलावा न्हाई अजून."

"बिरोबाचा सभामंडप?"

"बाराशे. नुसतं खांब हाईत आन् वर पत्रा. भिंत न्हाई, फरशी साधी."

"इंद्रजितचा बंगला?"

ह्ये वाकलं. चपलेचा बंद सारखा कराय लागलं.

"दाजी?"

ह्ये वर बघंनात. बंद सारखा झाला व्हता, तरी हात तितंच. दादा त्येंच्याकडं बघत राहिला. मेंढराच्या मागं जल्म गेलेला माणूस त्यो, कोणतं जनावर दुखणं लपवतंय ते त्येला लांबनं कळतंय. मग त्येनं मान वळवून मंडपाकडं बघितलं, मग बंगल्याकडं, परत मंडपाकडं.

"नुसतं खांब आन् पत्रा," त्यो हळू म्हणला, "तर बाराशे." काठी बंगल्याकडं गेली. "आन् भिंती, फरशी, जिना, ती वरची टाकी, समदं मिळून हजार?"

दादानं देवळाकडं बघितलं, ह्येंच्या कपाळाकडं बघितलं. त्या सांजचा भंडारा त्येलाबी आठवला असंल. मग काठी खाली ठिवली.

"दाजी, मी तुमाला चोर म्हणलो."

"म्हणलास. आता टेप धर."

मला रडू आलं. ह्येंच्या आवाजात राग न्हवता, नुसता दमलेला माणूस बोलत व्हता. बाजाराच्या दिवशी कसायाचा माणूस मोकळ्या हातानं माघारी गेला, शिव्या देत गेला. जाऊ दे.

मग ह्येंनी उलटं धरलं. घर केवढं पाहिजे ते इचारलं न्हाई, मेंढरं न इकता हातात किती हुतंय ते इचारलं. कोकरांचं, लोकरीचं, लेंडीखताच्या पैशाचं, आन् वैनीनं बोरमाळ काढून दिली त्येचं. तेवढ्यात बसंल असं घर कागदावर काढलं. दोन खोल्या आन् म्होरं पडवी, वर पत्रा. खिडक्या वडूजला कुणाच्या तरी मोडलेल्या घराच्या बघून आणल्या. फी घेतली न्हाई हे सांगायला नको. घर हुबं राहिलं ते जोत्याच्या निम्म्या भागावर. उरलेलं निम्मं जोतं तसंच मोकळं, त्येच्यावर आता मेंढरं बसत्यात. सिमेंटच्या जोत्यावर बसणारी मेंढरं साऱ्या तालुक्यात दादाचीच असतील. पाया धरून समदं मिळून नऊ लाख गेलं.

वास्तुशांतीला इंद्रजित आला न्हाई. दुकान बंद ठिवता येत न्हाई म्हणला. छताचा पंखा पाठवला. पत्र्याच्या घरात छताचा पंखा लावायचा कुठं, वैनीनं त्यो खोक्यासकट खाटेखाली ठिवला.

पंगत बसली. ह्ये आज फरशा मोजायला उठलं न्हाईत, निवांत जेवत व्हतं. मला बरं वाटलं. आन् तेवढ्यात हरिबा, त्योच इंद्रजितचा थोरला, पलीकडनं म्हणला, "बिराप्पा, छान झालं रं. कितीला बसलं?"

दादा पाणी वाढत व्हता. त्येचा हात थांबला. समदी पंगत त्येच्याकडं बघाय लागली. मी मनात म्हणलं, सांग दादा. तुला कुणी भंडारा दिलेला न्हाई.

"हजार रुपये फुटानं," दादा म्हणला. "पाच लाखात उरकलं."

आयाई गं! माझ्या हातातली भाजीची बादली मी दाणकन खाली ठिवली. ह्येंनी पोळीचा तुकडा आमटीत बुडवला व्हता, त्यो तसाच धरून बसलं. मग तोंडात घातला आन् चावत राहिलं.

मी दादाला चुलीमागं गाठलं. "लाज न्हाई वाटली? ज्या खोट्यानं तुला मातीत घातलं तेच सांगितलंस?"

दादाचं डोळं भरलं. "मग काय सांगू मंगल? निम्मी मेंढरं जमिनीत पुरली म्हणून सांगू? समद्या भावकीच्या देखत? आज माझ्या घराची वास्तुशांत हाय गं."

माघारी येताना यष्टीत ह्येंना म्हणलं, "तुमी तरी बोलायचं हुतं."

"त्येचं घर हाय," ह्ये म्हणलं. खिडकीला डोकं टेकून डोळं मिटलं. दिघंची गेली, तरी उघडलं न्हाईत.

पावसाळा सरता सरता गाळ्यावर शिवतेज आला. बयावैनीचा भाचा, गेल्या साली लगीन झालेलं. बायको म्हणती शेडात ऱ्हाणार न्हाई. त्येनं खुर्ची वढली.

"काका, सहाशे फूट काढायचं. बिराप्पामामाच्या घराच्या भावानं धरलं तर सहा लाख. माझी मेंढरं बरुबर तेवढ्याची हाईत. बाजारात सांगून ठिवलंय."

मी कोपऱ्यात जुनी कागदं बांधत बसली व्हती. ह्येंनी माझ्याकडं बघितलं. मग त्येच्याकडं.

"शिवतेज, बिराप्पाच्या घराला नऊ लाख गेलं. पाचशे फुटाला. फुटाला अठराशे."

"काय सांगताय!" पोरगं हसलं. "मी पंगतीत हुतो की. मामानं माझ्या देखत सांगितलं, हजारानं. मामा खोटं बोलंल व्हय?"

ह्ये काय बोलणार? भंडारा न्हाई, शब्द न्हाई, कुणाचं बंधन न्हाई, खरं ते सांगून टाकलं, तर त्येच्यावर इश्वास न्हाई. शिवतेज उठाय लागला. ज्या उठण्यानं माणसं उठून जात्यात तेच उठणं, मी गाळ्यात शंभरदा बघितलंय. ह्येंनी चष्मा काढून डोळं चोळलं. एवढा थकलेला माणूस मी घरात बघून बघून आता मला सोसंना.

"बस खाली," मी वरडली. फोन काढला. दादाला लावला, आन् आवाज भाईर यील असं बटण दाबलं.

"हां, मंगल." मागं घुंगरं वाजत व्हती. रानात हुता.

"दादा, शिवतेज आलाय. मेंढरं इकून घर बांधतोय, तू सांगितलेल्या भावानं. ह्ये सांगत्यात ते त्येला पटंना. हितं ऐकतोय त्यो. तूच सांग."

मला वाटलं रेंज गेली. पर घुंगरं ऐकू येत व्हती.

"मामा," शिवतेज फोनकडं वाकला, "हजारच न्हवं?"

घुंगरंच. एक कोकरू वरडलं.

"मामा?"

"पोरा," दादा म्हणला. आवाज बसला व्हता. "मेंढरं इकू नगंस."

"व्हय, पर भाव?"

"भाव दाजींना इचार. त्येंनी मलाबी खराच सांगितला हुता."

फोन बंद झाला. शिवतेज तसाच बसून राहिला, फोनकडं बघत. ह्येंनी चष्मा पुसून डोळ्याला लावला आन् टेबलाचा खण उघडून टेप काढला.

"तुझ्या जाग्यावर माती कसली हाय?" ह्ये म्हणलं.